अभ्र्याआधी खोळ बघा – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात घरी कुशन शिवण्याबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सगळे घेता आले नाहीत, पण जे परत परत विचारलेत ते घेतलेत.

आजीची इरकल नऊवारी कपाटात पडून आहे, नेसणारं आता घरात कोणी नाही. सोफ्याचे कुशन कव्हर शिवावेत असं मनात आहे पण कात्री लावायला हात धजत नाही. किती होतील, कुठून कापू? (सांगली)

ताई, हात धजत नाही हे अगदी कळतं हो. माझ्या आईची साडी मी दोन दिवस नुसती उलगडून परत घडी घालून ठेवत होते. म्हणून सांगते, आधी कापूच नका, आधी साडी खिडकीशी उजेडात धरा आणि हात हात पुढे सरकवत बघत जा. जिथे विरलीये तिथे सूत वेगवेगळं दिसायला लागतं, नऊवारीत हे हमखास बसायच्या भागात आणि काष्ट्याजवळ असतं. त्या जागेभोवती खडूने गोल करा. बाकी जे धड दिसतंय ते दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकंच ताणून बघा, चर्र आवाज आला तर तोही भाग सोडा, कारण कुशनवर माणूस पाठ टेकतो, ताण येतोच.

16 इंची कव्हरला पुढचा चौकोन 17 बाय 17 कापायचा, चारी बाजूंना अर्धा इंच शिलाईत जातो. पाठीला झिप नको असेल तर 17 बाय 12 चे दोन तुकडे घ्या, एकेक लांब कड दुमडून शिवा (1 इंच त्यात जातो) आणि एकमेकांवर चढवा, 5 इंचाची चढण मिळते, उशी बाहेर डोकावत नाही. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, अर्धी जरी धड निघाली तरी पाठीसकट सहा कव्हर आरामात होतात.

आणि एक, पदराचं. इरकलचा लाल रेशमी पदर साडीच्या अंगाला शिवलेला नसतो, मागावरच पदराचे धागे अंगाच्या धाग्यात फासे घालून अडकवलेले असतात, टोपे-तेनी म्हणतात त्याला. ती जोडरेघ कृपा करून शिलाईत घालवू नका, एका कुशनच्या बरोबर मधोमध येऊ द्या, एकीकडे अंगाचा रंग आणि एकीकडे पदराचे पांढरे पट्टे, त्यावर वेगळी सजावट काहीही लागत नाही. जुनं कापड म्हणजे अस्तर हवंच, मांजरपाट चालेल, पण ते आदल्या रात्री पाण्यात भिजवून वाळवून इस्त्री करून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड चुरगळल्यासारखं गोळा होतं.

शिवलेल्या कुशनला चारी कोपऱ्यांना कान निघतात, मध्ये मात्र पोकळ दिसतं. काय चुकतंय? (ठाणे)

शिलाई चुकत नाहीये, चौकोन फार बरोबर होतोय! कोपऱ्यापर्यंत उशी पोचतच नाही म्हणून तिथलं कापड रिकामं राहतं आणि कान होतो. शिवायच्या आधी कोपऱ्यापासून चारेक इंचांवर खूण करा आणि तिथून कोपऱ्याकडे येताना शिलाई हळूहळू आत घ्या, अगदी टोकाला अर्धा इंच जास्तीची आत. कागदावर काढलं तर चौकोनाच्या बाजू किंचित फुगीर दिसतील, दिसू द्या, उशी भरली की चौकोन सरळ दिसतो. टोकाचं जादा कापड तिरकं कापून टाका, मग उलटवा, कोपरा काढायला पेन्सिलीची बोथट बाजू वापरा, कात्रीचं टोक नको, भोक पडतं.

पोकळपणाचं कारण वेगळं. 16 च्या कव्हरमध्ये आतली उशी 16 ची घालू नका, 18 ची घाला. बाजारात कव्हर आणि उशी एकाच मापाची मिळते म्हणून लोक फसतात.

आमच्या परड्यात सावरीचं झाड आहे, दर उन्हाळ्यात कापूस नुसता उडून जातो. उशीत भरता येईल का? (चिपळूण)

काका, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, हा कापूस वाया जाताना बघून खरंच जीव तुटतो. भरता येतो, आणि मऊपणात याला तोड नाही. बोंडं तपकिरी झाली पण उकलली नाहीत अशा वेळी काढून घ्या, टोपलीत घाला, वरून जुनी मच्छरदाणी बांधा आणि उन्हात ठेवा. बोंडं आतल्या आत फुटतात, कापूस जाळीत अडकून राहतो. मग खोल पातेल्यात घेऊन काठीने घुसळल्यासारखं हलवा, काळ्या बिया तळाला पडत जातात.

हे काम पंखा बंद करून, दारं लावून, नाकाला रुमाल बांधून करा. मी एकदा गॅलरीत करायला बसले आणि वारा आला, चार दिवस घरात सगळीकडे तेच आणि सासूबाईंना खोकला लागला तो वेगळाच. खोळ दाट विणीच्या कापडाची हवी, गादीपाट असेल तर उत्तम, साध्या पातळ कापडातून हे तंतू बाहेर येतात. दिसायला ढीग दिसतो पण दाबला की मूठभर होतो, त्यामुळे वाटतं त्याच्या दुप्पट जमवा.

धुवायची मात्र नाही, फक्त ऊन द्यायचं. हा कापूस पाणी धरत नाही, सावरीच्याच कुळातल्या पांढऱ्या सावरीचा कापूस पूर्वी बोटीवरच्या लाइफ जॅकेटमध्ये भरायचे. पण पेट फार पटकन घेतो, समई-पणतीजवळ ही उशी ठेवू नका.

भरलेला साधा कापूस वर्षभरात गोळे गोळे झाला. रेक्रॉन भरू का? (नाशिक)

धुवायची असेल तर हो, रेक्रॉनच, म्हणजे पॉलिएस्टरचा कृत्रिम कापूस. 16 इंची उशीला साधारण 400 ग्रॅम लागतं, भरताना हाताने पिंजून मोकळं करा आणि आधी कोपरे भरा, मग मधला भाग. तुमचा जुना कापूस फेकू नका, पिंजाऱ्याकडे देऊन पिंजून आणा, जमिनीवर बसायच्या गिरद्यांना तो रेक्रॉनपेक्षा चांगला, टणक बसतो.

मशीन नाही, हाताने शिवलं तर टिकेल? (पुणे, हॉस्टेल)

टिकतं ग! धावदोरा नको, उलटी टीप घाल (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन मग पुढे जायचं), टाके बारीक, दोरा दुहेरी. सजावटीला मात्र धावदोराच छान, गोधडीसारख्या जवळजवळ समांतर ओळी रंगीत दोऱ्याने घातल्या की प्लेन कापडसुद्धा उठून दिसतं. आरसे लावणार असशील तर मधोमध नको, गालाला टोचतात, कडेला लाव. आणि लाल-जांभळा दोरा वापरायच्या आधी ओल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून वरून गरम इस्त्री ठेवून बघ, रुमालाला रंग लागला तर तो दोरा बाजूला ठेव, दुसरा घे.