खतावणी संगणकात जाताना

प्रिय बाळ,

विकास सोसायटीची सचिव झालीस आणि लगोलग संगणकीकरणाचं काम अंगावर आलं. जून 2022 मध्ये केंद्राने 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण मंजूर केलं, त्यातलंच हे. सॉफ्टवेअर प्रशिक्षणात शिकवतील. सचिवाने काय बदलायचं, ते मी सांगतो. कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच संगणक यंत्रणेत, आलं तेव्हा मी बँकेची शाखा सांभाळत होतो.

खरी कसोटी जुन्या बाक्यांची. सभासदवार कर्जाची बेरीज आणि ताळेबंदातला आकडा सहसा जुळत नाही. मग कुणीतरी सुचवतं, फरक अनामत खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, टाका, नंतर बघू. ते ऐकू नकोस, तो फरक वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतो. पेरण्या उरकल्या की एकेका सभासदाला बोलाव. मुद्दल, व्याज, भाग भांडवल मोठ्याने वाचून दाखव आणि पटलं तर सही घे. एकाच नावाचे तिघे निघतील, वडिलांचं नाव आणि आधार बघून वेगळे कर. सातबारा मुलांच्या नावावर गेलाय आणि कर्ज मात्र मयत बापाच्या खात्यावर, असंही सापडेल. वारसांना बसवून ते आधी निस्तर. याला महिना लागला तरी लागू दे.

दुसरं, भरणा ज्या दिवशी त्याच दिवशी नोंद. पूर्वी पैसे संध्याकाळी घेऊन किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, दुसऱ्या दिवशी लिहिली तरी चालून जायचं. आता तारीख सिस्टीमची. मुदतीच्या शेवटच्या दिवशी शेतकऱ्याने पैसे दिले आणि नोंद उद्यावर गेली, तर तो थकबाकीदार ठरतो, त्याची व्याज सवलत जाते. त्यात त्याचा काय दोष? तो समोर उभा असतानाच नोंद कर, छापील पावती हातात दे.

आणि पासवर्ड. माणसं कमी, म्हणून क्लार्कला तुझा पासवर्ड देण्याचा मोह होईल. नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही व्यवस्था सभासदांच्या पैशासाठी आहे. कितीही घाई असो, ती मोडू नकोस.

हाताची वही किती दिवस ठेवायची, याचा संचालक मंडळात ठराव करून घे, नाहीतर दोन्ही अर्धवट राहतील.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा गोषवारा, जुळली नाही तर कागद घेऊन रविवारी घरी ये, आपण बसून काढू.

तुझा,
काका