राघोबादादाला खलनायक करू नकोस

नाटकाचा मसुदा वाचला. तुझे रामशास्त्री बोलतात छान, पण फार बोलतात. आणि राघोबा आल्या आल्या मिशीला पीळ देतो, तिथेच प्रेक्षकाला पुढचं सगळं कळतं.

आधी राघोबाची बाजू त्याच्याच तोंडून ऐकव. त्याच्या १७५८च्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. नानासाहेबांनंतर पेशवाई पुतण्याला, माधवरावांनंतर पुन्हा धाकट्या पुतण्याला, नारायणरावाला. हा नुसता कर्ज आणि टोमणे झेलत बसलेला. ‘याचंही खोटं नाही’ असं प्रेक्षकाला क्षणभर वाटलं, तरच १७७३चा शनिवारवाड्यातला नारायणरावाचा खून अंगावर येईल.

पत्रातलं अक्षर राघोबाच्या पत्नी आनंदीबाईंनी बदलून ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका मात्र जपून वापर. सगळं पाप त्यांच्या माथी मारलंस की राघोबा सुटला. मग शास्त्री शिक्षा सांगणार कुणाला? (बायकांवर खापर फोडायची ही खोड आपल्या नाटकांना जुनीच.)

रामशास्त्र्यांना थोडी भीती दे. ज्याच्या हाताखाली न्यायाधीशी करायची, तोच आरोपी. देहान्त प्रायश्चित्त म्हणण्याआधी त्यांना आवंढा गिळू दे, निकाल मात्र एका वाक्यात येऊ दे. राघोबालाही लगेच भडकू देऊ नकोस. आधी गोड बोलेल, मानमरातब देऊ करेल. प्रवेश दोघांचाच ठेव. दरबार भरवलास की शास्त्रीबुवा पुन्हा भाषण ठोकणार.

एवढा प्रवेश नव्याने लिहून दाखव, बाकीचं नंतर पाहू.