मृत्यूची वेळ कोण ठरवते?

जगभरातील माणसांच्या जगण्याविषयीची अशी कोणती खरी हकीकत आहे, जी वाचल्यावर आपल्याच घराकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटले, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर इंडोनेशियातील तोराजा लोकांविषयी आहे. परंतु ती हकीकत मला इतकी का भिडली हे सांगायचे, तर सुरुवात पुण्यातील ओंकारेश्वराच्या घाटापासून करावी लागेल.

माझे वडील 2019 च्या पावसाळ्यात गेले. रुग्णालयाने दिलेल्या कागदावर पहाटे 4 वाजून 40 मिनिटे अशी वेळ लिहिलेली होती आणि त्याच दिवशी दुपारी वैकुंठ स्मशानभूमीतून आम्ही घरी परतलोही होतो. दहाव्या दिवशी मुठेच्या काठी, पेशवाईत बांधलेल्या त्या मंदिरालगत, पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. शेजारच्या दोन कुटुंबांच्या पिंडांना कावळा लगेच शिवला. आमच्या पिंडाजवळ तो येई, मान तिरकी करून पाही आणि उडून जाई. असा तासभर गेला. धाकट्या काकांनी हात जोडून, "दादा, वहिनीची काळजी करू नकोस, आम्ही आहोत," असे सांगितले, तरी काही झाले नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात घरून आईचा फोन आला. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीचे बारावीपर्यंतचे शिक्षण करण्याचे वडिलांनी कबूल केले होते आणि आजारपणात ते राहून गेले होते, हे तिला त्या क्षणी आठवले. मी पिंडासमोर उभा राहून ते शब्द मोठ्याने उच्चारले. काही मिनिटांनी कावळा शिवला.

त्या पक्ष्याला माझे बोलणे कळले, असे मी मानत नाही. पण तो तासभराचा खोळंबा झाला नसता, तर वडिलांनी दिलेला शब्द आमच्यापैकी कोणालाही आठवला नसता, याची मला खात्री आहे. पुढे तोराजांविषयी वाचताना मला हाच खोळंबा दिसला, फक्त तो एका तासाचा नव्हता, तर कित्येक महिन्यांचा, काही घरांत कित्येक वर्षांचा होता.

तोराजा हे इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागातील डोंगराळ प्रदेशात राहणारे लोक आहेत. त्यांच्यात माणसाचा श्वास थांबला, हृदय थांबले, तरी तो लगेच 'मृत' होत नाही. त्याला 'तो मकुला' म्हणतात, म्हणजे आजारी माणूस. त्याचा देह घरातच ठेवला जातो. पूर्वी त्यासाठी वनस्पतींचा उपयोग करीत, हल्ली फॉर्मलिन टोचतात. घरचे लोक त्याला जेवण आणि पाणी नेऊन देतात, त्याच्याशी बोलतात, कोण आले आणि कोण गेले ते त्याला सांगतात. अंत्यविधीसाठी पैसे जमेपर्यंत आणि दूरदेशी गेलेली मुले परत येईपर्यंत हे असेच चालते. 'रांबु सोलो' नावाच्या त्या अंत्यविधीत पहिला रेडा बळी दिला जातो, तेव्हाच तो माणूस खऱ्या अर्थाने मेला असे धरतात. म्हणजे मृत्यूची वेळ डॉक्टर ठरवत नाही, सगळे गाव मिळून ठरवते.

रेडाच का, तर मृताचा आत्मा रेड्याच्या आधाराने 'पुया' या परलोकी पोहोचतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. यमाला रेड्यावर बसलेला पाहतच आपण लहानाचे मोठे झालो असल्यामुळे हे वाचताना मी क्षणभर थांबलो, परंतु या साम्यातून कोणताही संबंध जोडण्याचा माझा विचार नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्या रेड्यांचा हिशोब. कोणत्या घराने कोणाच्या अंत्यविधीला किती जनावरे दिली, हे लक्षात ठेवले जाते आणि ते देणे पुढच्या पिढीकडे जाते. बापाला मिळालेला रेडा मुलाने फेडायचा असतो. पांढरे-काळे ठिपके असलेला 'तेदोंग बोंगा' जातीचा रेडा तर अतिशय महाग असतो आणि या विधींच्या खर्चापायी कुटुंबे कर्जात बुडतात. हा भाग मला खुपतो आणि तो झाकून त्या प्रथेचे कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मात्र लग्नासाठी जमीन गहाण टाकणारी घरे आपल्या महाराष्ट्रातही असताना त्यांना दुरून नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असेही मला वाटत नाही.

हे लोक जगापासून तुटलेले आहेत, असा समज होऊ नये म्हणून सांगतो की, आज बहुसंख्य तोराजा ख्रिस्ती आहेत. डच मिशनरी तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी पोहोचले. त्यांच्या मूळ धर्माला 'अलुक तो दोलो', म्हणजे पूर्वजांची रीत, म्हणतात आणि इंडोनेशियाच्या सरकारने 1969 मध्ये त्याला हिंदू धर्माची एक शाखा म्हणून मान्यता दिली. चर्चमध्ये जाणारी माणसेच घरातल्या 'आजारी' आजोबांना सकाळी कॉफी नेऊन देतात. काही गावांत दर काही वर्षांनी, बहुधा ऑगस्टमध्ये सुगीनंतर, पूर्वजांचे देह थडग्यांतून बाहेर काढून स्वच्छ करतात आणि त्यांना नवे कपडे चढवतात. या विधीला 'मानेने' म्हणतात. मादागास्करच्या पठारावरही पूर्वजांना बाहेर काढून नव्या वस्त्रात गुंडाळण्याचा 'फामादिहाना' नावाचा विधी आहे. पर्यटक अशा प्रसंगांची छायाचित्रे काढून भयाची गोष्ट म्हणून दाखवतात, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

दात येण्यापूर्वी दगावलेल्या बाळांसाठी तोराजांची पूर्वी आणखी एक रीत होती. जिवंत झाडाच्या बुंध्यात पोकळी कोरून त्यात ते बाळ ठेवत आणि तोंड ताडवर्गीय झाडाच्या काळ्या तंतूंनी बंद करीत. झाडाचा पांढरा चीक बाळाला दुधासारखा मिळेल आणि झाड वाढेल तसे तेही वाढत जाईल, अशी भावना त्यामागे होती. कांबिरा गावात असे एक झाड आहे. याविषयी मी अधिक काही लिहू शकत नाही.

एका संध्याकाळी मी हे सगळे आईला वाचून दाखवले. तिला धक्का बसेल असे मला वाटले होते. तिने फक्त एवढेच विचारले, "ते जेवण नेऊन देतात, ते किती दिवस?" काही घरांत कित्येक वर्षेसुद्धा, असे मी सांगितले. त्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आपल्याकडे त्याच दिवशी नेतात रे. मला नीट बघताही आलं नाही."

जपानमधील ओत्सुची या किनाऱ्यावरील गावाची हकीकत मला या प्रश्नापाशीच येऊन मिळते. तिथे इतारू सासाकी या बागकाम करणाऱ्या गृहस्थांनी 2010 मध्ये, आपला चुलतभाऊ कर्करोगाने गेल्यानंतर, स्वतःच्या बागेत काचेची पांढरी टेलिफोन-खोली उभारली आणि तिच्यात तार न जोडलेला, चकती फिरवण्याचा जुना काळा फोन ठेवला. आपले बोलणे तारेतून जाणार नाही, ते वाऱ्याने न्यावे, या विचाराने त्यांनी त्याला 'वाऱ्याचा फोन' हे नाव दिले. 11 मार्च 2011 रोजी भूकंप आणि त्सुनामी आली आणि या छोट्या गावातील बाराशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. अनेकांचे देह कधीच सापडले नाहीत, म्हणजे अंत्यविधीसाठीसुद्धा काही उरले नाही. सासाकींनी तो फोन सर्वांसाठी खुला केला आणि हजारो माणसे तिथे येऊन, नंबर फिरवून, पलीकडून कोणीही बोलत नसताना बोलून गेली.

हे वाचताना मला 2020 आणि 2021 मधील पुणे आठवले. साथीत गेलेल्या माणसाचा चेहराही न पाहता कितीतरी घरांना फक्त अस्थींचा कलश हाती घ्यावा लागला. आमच्या इमारतीतील एका घरात तर तिघेही विलगीकरणात असल्यामुळे घाटावर जायला कोणीच नव्हते; त्यांनी दहाव्याचे पान गच्चीत ठेवले आणि खिडकीतून पाहत राहिले. कावळा आला की नाही, हे मी त्यांना आजवर विचारलेले नाही.

पक्ष्यांवर सोपवलेला विधी किती नाजूक असतो, हे मुंबईतील पारशी समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. मलबार टेकडीवरील डुंगरवाडीत देह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची त्यांची परंपरा होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही जातींची संख्या 95 टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर डुंगरवाडीचे आकाश रिकामे झाले होते. सूर्याची उष्णता एकवटणारी उपकरणे तिथे बसवण्यात आली, काहींनी विद्युतदाहिनी स्वीकारली आणि त्यावरून त्या समाजात मोठे वाद झाले. गोठ्यातल्या एका इंजेक्शनाने शेकडो वर्षांच्या रीतीला असा धक्का दिला.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, रुग्णालयाच्या कागदावरची वेळ आणि घराने ते मान्य करण्याची वेळ यांच्यामध्ये एक अंतर असते, आणि त्या अंतरात माणसाच्या हाताला काहीतरी काम लागते, ही गोष्ट मी तोराजांकडून शिकलो. कॉफी नेऊन देणे, रेड्यांचा हिशोब चुकता करणे, तार न जोडलेल्या फोनवर बोलणे, पिंडापुढे हात जोडून राहिलेला शब्द उच्चारणे, ही सगळी त्या अंतरातली कामे आहेत. आमच्या घरी ते काम पुढे काही वर्षे चालले. मावशींची मुलगी तेव्हा आठवीत होती आणि तिची शेवटची, बारावीची फी मी भरली. प्रत्येक वर्षीची पावती आई माझ्याकडून मागून घेत असे. त्या सगळ्या पावत्या वडिलांच्या फायलीत, मृत्यूच्या दाखल्यामागे लावलेल्या आहेत.