हॅप्लोग्रुप एक्स म्हणजे 'एक्स वंश' नव्हे, आणि 'मातृगोत्र' तर अजिबातच नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: एका लेखात 'एक्स वंश' हा शब्द वाचला, तो आईच्या एक्स गुणसूत्रातून उतरतो असं तिथे म्हटलं होतं, दुसऱ्या एका ठिकाणी त्यालाच 'मातृगोत्र एक्स' म्हटलेलं दिसलं, तर हॅप्लोग्रुपला (म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेल्या, सारख्या डीएनए-खुणा असलेल्या रेघांच्या गटाला) नेमका मराठी शब्द कोणता आणि 'हॅप्लोग्रुपचा' लिहायचं की 'हॅप्लोग्रुपाचा'?

आधी तो एक्स गुणसूत्राचा घोळ मिटवू, कारण तो इतक्या वेळा कानावर पडतो की आता राहवत नाही. हॅप्लोग्रुप एक्सचा एक्स गुणसूत्राशी काडीचाही संबंध नाही. एक्स गुणसूत्र मुलीला आई आणि बाप दोघांकडून मिळतं, आईकडच्या दोन प्रतींची पुढच्या पिढीत जाताना आपसात सरमिसळही होते, त्यामुळे त्यावरून सरळ आईकडची रेघ काढताच येत नाही. इथे विषय आहे तंतुकणिकेतल्या डीएनएचा, म्हणजे मायटोकाँड्रियाचा. पेशीकेंद्रकाच्या बाहेर असणारं ते एक छोटं कडं, सुमारे १६,५६९ बेसजोड्या, ३७ जनुकं, आणि ते मुलाला काय मुलीला काय, फक्त आईकडून मिळतं. पुढे देते मात्र फक्त मुलगी. एखाद्या बाईला नुसते मुलगेच झाले की तिची ती रेघ तिच्यापुरती तिथे थांबली.

मग एक्स आला कुठून? तर बाराखडीतून, म्हणजे रोमन बाराखडीतून. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जनुकशास्त्रज्ञ अंतोनियो तोरोनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मातृरेघांचे चार गट पाडले आणि त्यांना ए, बी, सी, डी म्हटलं. मग युरोपातल्या गटांना पुढची अक्षरं मिळत गेली, एच, आय, जे, के, आणि १९९६पर्यंत टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स. डब्ल्यू नंतर एक्स येतो म्हणून एक्स, बस्स. 'अज्ञात' म्हणून एक्स हेही चूक. जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी पुढे या अक्षरांवरून आद्य आयांना नावं दिली, एक्सच्या वाट्याला 'झेनिया' आलं, तर आता लोक 'आम्ही झेनियाच्या लेकी' असं लिहितात जणू त्या बाईचं खरंच ते नाव होतं! नाव अक्षरावरून बेतलेलं आहे, बाईवरून नाही.

आता खऱ्या विषयाकडे, 'हॅप्लो'कडे. ग्रीकमधे 'हाप्लोस' म्हणजे एकेरी, एका घडीचा, साधा. एदुआर्द स्ट्रासबुर्गर यांनी १९०५मधे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या पेशीसाठी हॅप्लॉइड शब्द काढला, १९६७मधे रुग्जेरो चेपेल्लिनी यांनी त्यावरून हॅप्लोटाइप केला, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या डीएनए-खुणांचा संच, आणि हॅप्लोटाइपांचा गट तो हॅप्लोग्रुप. इथपर्यंत कुठलाही कोश सांगेल. कोश जे सांगत नाहीत ते असं की या 'हाप्लोस'चे दोन तुकडे आहेत, 'हा' म्हणजे एक आणि 'प्लो' म्हणजे घडी, आणि तो 'हा' मुळात 'स' होता. शब्दाच्या सुरुवातीचा जुना स ग्रीकमधे ह होतो, आपला सप्त तो त्यांचा हेप्टा, आपला सर्प जसा सरपटतो तसं त्यांचं 'हेर्पो' सरपटतं. हाच 'एक' अर्थाचा स संस्कृतात सकृत् मधे आहे, सकृत् म्हणजे एकदा, आणि सहस्र मधला पहिला स सुद्धा तोच. म्हणजे आपण 'सकृद्दर्शनी' म्हणतो तेव्हा जो स उच्चारतो तो आणि हॅप्लोग्रुपमधला ह हे सख्खे भाऊ आहेत, हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले. मला या जोडीइतकी आनंद देणारी जोडी फार थोडी माहीत आहे. (आणि कृपा करून 'सकृतदर्शनी' लिहू नका, संधी आहे ती, द्द हवा.)

आणि घडीचं काय? इथे मराठी ग्रीकपेक्षा एक पाऊल पुढे आहे असं माझं ठाम मत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हॅप्लॉइडला एकगुणी किंवा एकगुणित म्हणतात, डिप्लॉइडला, म्हणजे दोन संच असलेल्या पेशीला, द्विगुणी. पोरांना वाटतं गुण म्हणजे मार्क किंवा चांगला स्वभाव. पण संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पीळ, धागा, धनुष्याची दोरी. द्विगुण म्हणजे आधी दोन धाग्यांचा आणि मग दुप्पट, गुणाकारातला गुणही तोच. म्हणजे ज्याने कोणी हॅप्लॉइडला एकगुणी केलं त्याने घडीच्या जागी धागा आणला आणि तो धागा या विषयाला घडीपेक्षा जास्त चपखल बसतो. बघा ना, मायटोकाँड्रिया हा शब्द कार्ल बेंडा यांनी १८९८मधे केला तो ग्रीक 'मितोस' म्हणजे धागा आणि 'खोंद्रिओन' म्हणजे कण यांच्यावरून, म्हणून आपली तंतुकणिका. आणि तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना काय सांगतो? 'प्रजातन्तुं मा व्यवच्छेत्सीः', प्रजेचा तंतू तोडू नकोस. संततीला तंतू म्हणणारी भाषा आपल्या पाठीशी आहे, तंतुकणिका हा शब्द आधीच रुळलेला आहे, एकगुणी रुळलेला आहे, आणि एवढा सगळा सुताचा पसारा हाताशी असताना लोक उठून 'वंश' म्हणतात!

माझा शब्द आहे पदर. 'हाप्लोस'चं शब्दशः मराठी एकपदरी हेच होतं, 'डिप्लोस'चं दुपदरी, ते आपण हाराला वापरतोच. पदर म्हणजे पीळ किंवा सर, पदर म्हणजे वस्त्राचं टोक, आणि तिसरा अर्थ ज्याकडे कुणी बघत नाही तो म्हणजे नातं: 'त्यांचा आमचा पदर लागतो', 'पदर जुळतो'. धागा, आई आणि नातं हे तिन्ही अर्थ एका शब्दात असणारी दुसरी भाषा मला दाखवा. मातृपदर एक्स, मातृपदर एच, किती स्वच्छ वाटतं. यावर आक्षेप येतो की पदर लागणं हे सोयरिकीचं, म्हणजे लग्न जमण्यासारख्या घरांचं नातं, रक्ताचं नव्हे. असेल, पण शब्द तिथेच अडकवून ठेवायचा असता तर गुण अजून धनुष्यालाच बांधलेला असता. 'नाळ' हा पर्याय सुचवणारेही भेटतात. नाळ दर जन्माला नवी असते आणि कापून टाकतात, इथे तर न तुटता चालणारी गोष्ट सांगायची आहे.

हिंदी विकिपीडियावर 'मातृवंश समूह' असं केलंय. मातृवंश एकवेळ सोसता येईल, पण समूह म्हटलं की माणसांचा घोळका डोळ्यासमोर येतो, आणि गट इथे माणसांचा नाहीच, हॅप्लोटाइपांचा आहे. नुसत्या 'वंश'चं तर विचारूच नका, आपल्याकडे वांशिक म्हटलं की थेट मानवजातीचे प्रकार पाडणं सुरू होतं. दहा पिढ्या मागे गेलात तर कागदोपत्री १०२४ पूर्वज होतात, मातृपदर त्यांतल्या एकीचा. त्या एकीवरून माणसाला 'एक्स वंशाचा' म्हणणं म्हणजे बाकीच्या १०२३ जणांना पुसून टाकणं.

मातृगोत्रवाले मात्र पुरावा घेऊन येतात, म्हणून त्यांना जरा सविस्तर उत्तर. गोत्र बापाकडून चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडा. ते म्हणतात, सातवाहन बघा, गौतमीपुत्र सातकर्णी, आईच्या गोत्रावरून नाव. बरोबर. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेखच आहे. पण त्याचा मुलगा कोण? वासिष्ठीपुत्र पुळुमावी. एका पिढीत गौतमी गेली आणि वासिष्ठी आली! म्हणजे हे आईचं नाव दर पिढीला बदलतं, पुढे उतरतच नाही, आणि मातृपदराचा तर सगळा अर्थच पुढे उतरण्यात आहे. तो बलश्रीकडून सातकर्णीला मिळाला असेल पण पुळुमावीला नाही, त्याला त्याच्या आईचा. मग बृहदारण्यक उपनिषदाचा दाखला काढतात, सहाव्या अध्यायाच्या शेवटी 'अथ वंशः' म्हणून यादी येते, पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र, भारद्वाजीपुत्र, बहुतेक सगळे आईच्या नावाने. सुंदर यादी आहे, पण ती नीट वाचा, तिथे 'कात्यायनीपुत्रात्' अशी पंचमी आहे, म्हणजे कोणी कोणाकडून विद्या घेतली ते सांगितलंय. जन्माची साखळी नाहीच ती, गुरुपरंपरा आहे. दाखला देण्याआधी विभक्ती तरी बघावी माणसाने.

आता हे एवढं का ताणतोय तर याच एक्सच्या बाबतीत शब्द सैल वापरल्याने काय अनर्थ होतो ते बघण्यासारखं आहे. हा पदर मोठ्या 'एन' पदरातून फुटलेला, उगम पश्चिम आशियात आणि वय सुमारे तीस हजार वर्षं धरतात. त्याच्या दोन फांद्या, एक्स१ मुख्यतः उत्तर आणि पूर्व आफ्रिकेत, आणि एक्स२ हिमयुगाच्या कडाक्यानंतर पश्चिम आशिया, कॉकेशस, युरोप असा पसरलेला. सगळीकडे विरळ, साधारण दोन टक्के, पण जॉर्जियात, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर आणि इस्रायलमधल्या गॅलिलीच्या द्रूझ या धार्मिक समाजाच्या लोकांत जास्त. २००८मधे द्रूझ लोकांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्यात या पदराचे इतके वेगवेगळे धागे सापडले की जुन्या पश्चिम आशियातली विविधता तिथे टिकून राहिली असावी असं संशोधकांनी म्हटलं.

आणि मग हाच एक्स उत्तर अमेरिकेत, ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांत, काही नमुन्यांत पाव हिश्शापर्यंत! ए, बी, सी, डी यांची पूर्व आशिया आणि सायबेरियाकडची नाती उघड दिसतात, एक्सचं तसं दिसत नव्हतं, आणि १९९८मधे हे छापून आल्यावर लगेच 'युरोपीय वंश' अमेरिकेत आधीच पोचला होता अशी हाकाटी सुरू झाली. डेनिस स्टॅनफर्ड आणि ब्रूस ब्रॅडली या दोघा पुरातत्त्वज्ञांचा सिद्धांत असा की हिमयुगात युरोपातली सोल्युट्रियन (त्या काळच्या दगडी हत्यारांच्या एका संस्कृतीची) माणसं बर्फाच्या कडेकडेने अटलांटिक ओलांडून गेली. दगडी हत्यारांबद्दल ते दोघे मोठे जाणकार, पण एक्सला त्यांनी साक्षीला उभं केलं ते पटण्यासारखं नाही. अमेरिकेतला पदर आहे एक्स२ए, आणि तो युरोपात नाही, पश्चिम आशियातही नाही. आडनाव सारखं म्हणून माणूस तोच असं म्हणण्यासारखं आहे ते. दक्षिण सायबेरियातल्या अल्ताईत एक्स सापडला तेव्हा दुसऱ्या बाजूच्या लोकांना वाटलं की सायबेरियाची वाट मिळाली, पण २००३मधे माएरे रैद्ला आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो एक्स२ई, पश्चिमेकडून बऱ्याच उशिरा तिकडे गेलेला. म्हणजे दोन्हीकडच्यांनी अक्षर वाचलं आणि पुढचा आकडा वाचलाच नाही.

केनेविकच्या माणसाने तर निकालच लावला. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी १९९६मधे हा सांगाडा मिळाला, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा. कवटीच्या ठेवणीवरून आधी त्याला युरोपीय म्हणून झालं होतं, परत तेच वंश प्रकरण. २०१५मधे त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचला, तो तिथल्या मूळ रहिवाशांच्या सगळ्यात जवळचा निघाला, आणि मातृपदर होता एक्स२ए, तोही त्या धाग्याच्या अगदी मुळाशी. अटलांटिकपासून अख्खा खंड ओलांडून पलीकडे, पॅसिफिकच्या बाजूला! त्याच वर्षी जेनिफर रॅफ आणि डेबोरा बोल्निक यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासून एक्स२एवरून अटलांटिकपारचं स्थलांतर सिद्ध होत नाही असं लिहिलं, आणि २०१७मधे कोलंबिया खोऱ्यातल्या जमातींनी आपल्या त्या पूर्वजाला परत मातीत ठेवलं.

तेव्हा लिहिताना 'हॅप्लोग्रुप एक्स' किंवा 'मातृपदर एक्स' लिहा, आणि फांदी माहीत असेल तर ती लिहिल्याशिवाय पुढे जाऊच नका, एक्स२ए आणि एक्स२ई यांत हजारो मैलांचं अंतर आहे. सामान्यरूपाचं म्हणाल तर ग्रुपचा, ग्रुपमधे हे बोलण्यात पक्कं बसलंय म्हणून हॅप्लोग्रुपचा. हॅप्लोग्रुपाचा व्याकरणाने चुकीचं नाही पण कोणी तसं बोलत नाही. पदर घेतलात तर पदराचा, पदरात, तिथे प्रश्नच येत नाही.