मंदार, कलमांची जागा विकून येऊ नकोस

मंदार, तुझा निरोप तीनदा ऐकला. "ताई, माणसं एवढी वाढलीत की ठाण्यात श्वास घ्यायला जागा नाही. गावी जावं तर मे महिन्यात तिथंही टँकर. छोकरीला मोकळी हवा मिळावी म्हणून नेदरलँडला यायचं मनात आहे. पूर्णगडच्या खाडीवरची आंब्याच्या कलमांची जागा विकली तर सुरुवातीचा खर्च निघेल. तू तेरा वर्षं तिथं आहेस, खरं काय ते सांग." सांगते. लांबेल जरा, सावकाश वाच.

आधी एक लक्षात घे, तू कमी माणसांच्या देशात येत नाहीयेस. इथं सुमारे १ कोटी ८० लाख लोक राहतात, चौरस किलोमीटरला ५०० हून जास्त. २०११ च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हा आकडा १९७ होता. ठाणे जिल्ह्यात तेव्हाच १,१५७ होता, त्यामुळे तुझा जीव तिथं का गुदमरतो ते कळतं मला. पण गावाचं काय? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. माणसं कमी झाली, तरी आपली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. लहानपणी त्याच विहिरीवर मे महिन्यात पोहायला शिकलो होतो आपण.

याचा विचार मी इथं आल्यावरच नीट करायला लागले. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण जांभा दगड सच्छिद्र. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळ पठारावर, पडलेलं पाणी झिरपतं, उताराने वहाळात जातं आणि दिवाळीपर्यंत बरंचसं खाडीला मिळतं. त्याला थोपवून धरत होती सड्याखालची झाडी, भातखाचरांचे बांध आणि पावसाळा सरला की पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वाडीने मिळून घातलेले माती-दगडाचे बंधारे. बांध घालणारी माणसं मुंबई-ठाण्याला गेली, खाचरं पडीक झाली, आणि बांध एकदा फुटला की त्या पावसाळ्यात माती खाडीतच. रानं जळाऊ लाकडासाठी उभीच्या उभी विकली गेली. शेजारच्या सड्यावर बांधकामाचा जांभा चिरा काढायची चिरेखाण निघाली. सुट्टीसाठी बांधलेल्या बंगल्यांनी बोअर मारल्या. म्हणजे माणसं वाढली शहरात, पण त्यांना लागणारा चिरा, लाकूड, मासळी आणि मोकळी हवा आपल्या वाडीतून उचलली गेली. समुद्राचंही तेच. यांत्रिक बोटींच्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, तोवर किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात येणारी मासळी किती उतरली होती, ते तू बंदरावर कुणालाही विचार.

आता इथलं. देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९५३ च्या पुरात इथं १,८३६ माणसं गेली. पाणी सांभाळायला वेगळी जलमंडळं आहेत, एकूण २१. त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. त्यांची स्वतःची निवडणूक होते आणि स्वतःचा कर असतो. दरवर्षी तो भरते आणि मनापासून भरते, कारण माझ्या घरामागच्या कालव्याची पातळी कुणीतरी रोज पाहतं. आमच्या द हेग शहराचं पिण्याचं पाणी नदीतून आणून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवतात, तिथं ते गाळून निघतं, मग नळाला येतं. त्या टेकड्यांवर घर बांधायचा विचारही कुणी करत नाही. पहिल्यांदा तिथं फिरायला गेले तेव्हा आपल्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन आठवून रडू आलं मला.

पण इथं सगळं आलबेल आहे असं समजून विमानात बसू नकोस. एवढ्याशा जागेत एवढी माणसं आणि त्यात एवढी गुरं! २०१९ मध्ये न्यायालयाने गुरांच्या मलमूत्रातून आणि वाहनांच्या धुरातून होणाऱ्या नायट्रोजनच्या प्रदूषणावरून सरकारची परवान्यांची पद्धत रद्द केली आणि हजारो बांधकामं अडली. २०२० पासून बहुतेक महामार्गांवर दिवसा ताशी १०० किलोमीटरच वेग ठेवावा लागतो, तोही त्याच कारणाने. घरांचा तुटवडा सुमारे चार लाखांचा आहे. मी पहिल्या चौदा महिन्यांत चार घरं बदलली. त्यांतल्या एका मालकाने त्याच्या पत्त्यावर नगरपालिकेत माझी नोंदणीच करू दिली नाही, आणि नोंदणी नाही म्हणून पुढची सगळी कामं खोळंबली. असं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नकोस. डॉक्टरांचंही तसंच, घराजवळच्या डॉक्टरांची यादी भरलेली असते, म्हणून नाव आल्या आल्या लावायचं.

आणखी एक, जरा जड वाटेल. २०२२ पासून इथं जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. लोकसंख्या वाढते ती बाहेरून येणाऱ्यांमुळे, म्हणजे माझ्यामुळे आणि उद्या तुझ्यामुळे. घर मिळत नाही म्हणून वैतागलेला इथला तरुण आपल्याकडे बघतो तेव्हा त्याच्या मनात हेच असतं. माझे शेजारी प्रेमळ आहेत, तरी हा विषय जेवणाच्या टेबलावर येतोच, आणि आला की ऐकून घ्यावं लागतं. शिवाय हिशेब बघ. सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, इथं त्याच्या सुमारे तिप्पट. तुम्ही तिघं तीच तिघं राहणार, पण इथं आल्यावर गॅसची हीटिंग, गावी यायची विमानं आणि इथलं सगळं राहणीमान धरून पृथ्वीवरचा तुमचा भार वाढणार. मी हे जाणून राहते. तूही जाणून ये.

तर यावं का? हातात नोकरीचं पत्र असेल तर ये. कुशल कामगाराच्या व्हिसावर कंपनीच कागदपत्रं करते. बाहेरून आलेल्या कामगारांच्या पगाराच्या ३० टक्के भागावर मिळणाऱ्या करसवलतीच्या गोष्टी ऐकून बजेट मांडू नकोस. ती पाच वर्षांपुरतीच असते आणि २०२७ पासून २७ टक्के होणार आहे. मुलगी सायकलवरून शाळेत जाईल, तिला झाडं आणि पाणी रोज दिसेल. त्या एका गोष्टीसाठी मी आजही पुन्हा आले असते. डच भाषा मात्र निघायच्या आधीच सुरू कर. इंग्रजीवर निभतं हे खरं, पण शाळेच्या दारात उभ्या असलेल्या इतर मुलांच्या आयांशी बोलता येत नाही, आणि ते एकटेपण वहिनीला सोसावं लागेल.

जागेबद्दल मात्र हात जोडून सांगते, विकू नकोस. उद्या इथलं नागरिकत्व घेतलंस तर भारताचं सोडावं लागतं. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. एकदा दिलेली कलमं परत मिळायची नाहीत. आणि घेणारा काय करेल ते शेजारच्या सड्यावर बघतोयस तू. सुरुवातीच्या खर्चाला कमी पडलं तर मी आहे, तीन महिने आमच्याकडेच राहा.

मी २० एप्रिलला गावी पोचतेय. तोपर्यंत आबाकाकांना सांग, महिन्यातून एकदा विहिरीत दोर सोडून पाणी किती हात आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला. आणि पऱ्यावरचा जुना बंधारा यंदा वाडीत कुणी घालणार आहे का, तेही विचार. नसेल तर गडी आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या यांचे पैसे मी पाठवते, वाळू पऱ्यातच आहे.