कौल नेहमी खरा ठरतो असे का वाटते?

कोकण-गोव्यातील अनेक देवळांत मूर्तीवर ओल्या पाकळ्या किंवा पाने चिकटवून कौल लावतात, म्हणजे देवाला होकार-नकार विचारतात, आणि उजव्या बाजूची आधी पडली की बहुधा होकार मानतात. निर्णय देवावर सोपवल्याने मनाची घालमेल थांबते, हा लाभ खराच आहे. प्रचिती मात्र मन मागाहून जुळवते: काम झाले की कौल आठवतो, फसले की ‘आपलेच काही चुकले असेल’ म्हणून तो विसरला जातो. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांच्या १९६० च्या प्रयोगातही अनेक जण स्वतःच्या अंदाजाला दुजोरा देणारीच उदाहरणे तपासत राहिले. शिवाय होकार मिळालेला माणूस हुरूपाने कामाला लागतो. काही कौल त्यामुळेच खरे ठरतात. पडताळा हवा असल्यास प्रश्न व कौल त्याच दिवशी, तारखेसह लिहून ठेवावा.