आजी शांत का आहे, ते आधी ठरव

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या ॲनिमेशन मालिकेचं बायबल, म्हणजे पात्रांचा आणि कथेचा आराखडा, आणि पहिल्या आठ भागांच्या आउटलाइन्स काल रात्री एका बैठकीत वाचल्या. पाच मुलं, एक होडी, खाडीकाठची गावं आणि सगळ्यांना सांभाळणारी नावाडीण आजी. मुलं फार सुरेख उतरली आहेत. त्यांची भांडणं वाचताना वरचं नाव झाकलं तरी कोण बोलतंय ते कळतं. आजीपाशी मात्र मी अडखळले. ती कधी चिडत नाही, कधी चुकत नाही, आणि आठही भागांच्या शेवटी वल्हं बाजूला ठेवून एक शहाणपणाचं वाक्य बोलते. तिच्या पानावर तू 'भावनिकदृष्ट्या स्थिर' असं लिहिलं आहेस. मला ती रिकामी वाटली. हे तुला लागेल, पण मालिकेत दम आहे म्हणूनच सांगते आहे.

माझ्या पहिल्या मालिकेत एक गुरुजी होते. दर भागात त्यांच्या तोंडी एक शिकवण हवी, असा आग्रह होता आणि मी तो मुकाट पाळला. डबिंगच्या वेळी त्यांना आवाज देणाऱ्या वयस्कर नटाने दोन टेकच्या मध्ये मला हळूच विचारलं, "हा माणूस घरी गेल्यावर काय करतो हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बावीस भाग लिहून झाले होते आणि त्या माणसाच्या घराचं दार मी एकदाही उघडलं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही मार्गदर्शकाचं पात्र लिहायला बसले की आधी हाच प्रश्न कागदावर लिहिते.

आता एक काम कर. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' पुन्हा बघ. निकलोडियनवर 2005 ते 2008 या काळात आलेली, मायकल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को यांची, तीन सीझन आणि 61 भागांची मालिका. लहानपणी पाहिली असशीलच. या वेळी लेखकाच्या नजरेने बघ, आणि आयरोकाकांवरून नजर हलवू नकोस.

सुरुवातीला काय दिसतं? हद्दपार राजपुत्र झुको जहाजावर आदळआपट करतो आहे आणि त्याचे गोलमटोल काका चहात आणि पै शो या पटावरच्या खेळाच्या डावात रमले आहेत. वाटतं, हे हसवण्यासाठी घेतलेलं पात्र. मग पहिल्या सीझनच्या शेवटाकडे, झुको एकटाच शत्रूच्या शहरात घुसायला निघतो तेव्हा काका त्याला निरोप देताना बोलून जातात, की माझा मुलगा गेल्यापासून... आणि झुको त्यांना थांबवतो, म्हणतो, बोलायची गरज नाही. तरी ते वाक्य पुरं करतात, की मी तुला मुलगाच मानतो. एवढंच. मुलगा कोण, कसा गेला, काही सांगत नाहीत. दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागात झुकोच्या आठवणीतून आणखी थोडं कळतं. हेच काका सेनापती असताना बा सिंग से शहराला वेढा घालून बसले होते. तिथून घरी पाठवलेल्या पत्रात ते विनोद करतात, की शहर जाळून टाकलं नाही तर तुम्हालाही कधीतरी बघायला मिळेल. घरातली मुलं पत्र ऐकून खळखळून हसतात. त्यानंतर बातमी येते, काकांचा मुलगा लू टेन लढाईत मेला. काका वेढा उठवून परत फिरतात.

ते पत्र पुन्हा पुन्हा बघ. आजच्या या मायाळू म्हाताऱ्याने एकेकाळी एक अख्खं शहर जाळायच्या गोष्टी हसत हसत केल्या होत्या. त्याची शांतता त्याला फुकट मिळालेली नाही. आणि लेखकांनी हे सगळं पहिल्याच भागात सांगून टाकलं नाही, चिमूटचिमूट सोडलं. चालू कथेत काका फारसे बदलत नाहीत, त्यांच्याबद्दलची आपली माहिती बदलत जाते. स्थिर पात्राची वाढ बहुतेक वेळा अशीच होते. मुलांचा प्रवास पुढच्या दिशेने असतो, अशा माणसाचा मागच्या दिशेने उलगडतो.

मग येतो दुसऱ्या सीझनचा पंधरावा भाग. त्यात बा सिंग से शहरातल्या सगळ्यांच्या छोट्या छोट्या गोष्टी आहेत, आयरोंच्या वाट्याला मोजकी मिनिटं. ते बाजारात सहलीची टोपली घेतात. रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतात. गल्लीत एक चोर त्यांच्यावर हत्यार रोखतो, तर त्याचं उभं राहणंच कच्चं आहे हे त्यांच्या लक्षात येतं. ते त्याला पाडून दाखवतात, नीट कसं उभं राहायचं ते शिकवतात आणि मग त्याच्याबरोबर चहा पितात. इथपर्यंत आपण हसत असतो. संध्याकाळी ते एका टेकडीवर झाडाखाली जातात, टोपलीतलं सामान मांडतात आणि मुलाचं चित्र ठेवून उदबत्ती लावतात. तुला मदत करता आली असती तर, असं काहीसं बोलतात. सकाळी त्या पोरासाठी गायलेलं तेच गाणं पुन्हा सुरू करतात आणि आवाज फुटतो.

दिवसभर त्यांनी ज्यांना ज्यांना सावरलं, तो सगळा दिवस त्या चित्राच्या वाटेवरचा होता, हे आपल्याला शेवटी कळतं. आयरोंचा आवाज देणारे माको यांचं जुलै 2006 मध्ये निधन झालं होतं आणि ही गोष्ट त्यांना अर्पण केली आहे. मी आजवर कितीदा पाहिली असेल, त्या गाण्यापाशी घसा दाटतोच.

आणि हे सगळं कृतीतून उभं राहतं. किटली, उदबत्ती, चोराचे पाय सरकवणारा हात. आपल्या माध्यमात स्वभाव हाताला करायला काय देतो त्यावर ठरतो. तुझ्या आजीचे हात आउटलाइनमध्ये कुठे आहेत? ती वल्हवते, हे एकदाच येतं. दोरीला गाठ कशी मारते? तिच्या होडीत पहिल्यांदा चढणाऱ्या घाबरट पोराला कुठे बसवते? स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची चित्रं, करणाऱ्याला हे दे, तो तुला दुवा देईल.

मालिकेत पात्रं बरीच असली की आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. स्थिर माणूस सगळ्यांना सारखाच दिसता कामा नये. झुकोला काका कटकट वाटतात. झुकोची बहीण अझुला हिच्या लेखी ते कच खाऊन परत आलेले आहेत. आणि टॉफ, ती बारा वर्षांची आंधळी मुलगी, आपल्या गटाशी भांडून एकटी निघाली असताना वाटेत त्यांना भेटते. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. चहा होतो, काका तिला समजावतात, पुतण्याबद्दल बोलतात. निघताना तीच त्यांना सुचवते, की तुमच्या पुतण्याला सांगा ना, तुम्हालाही त्याची गरज आहे म्हणून. मला तो प्रसंग फार आवडतो. शहाण्या म्हाताऱ्याला एक पोर शहाणपण देते, आणि तो ते घेतो. तुझ्या पाच मुलांपैकी आजीला काही देऊ शकेल असं कोण आहे? मला वाटतं, मधली. ती सगळ्यात कमी बोलते.

चिडू दे आजीला, पण एकदाच. आयरो झुकोवर ओरडतात ते बा सिंग सेच्या तळ्याखालच्या गुप्त अड्ड्यात. झुको पुन्हा जुन्याच हट्टाला पेटलेला असतो आणि काका त्याला अक्षरशः विनवतात, की तू कोण आहेस आणि तुला काय हवंय हे स्वतःला विचार. एरवी ओरडलेच नसल्यामुळे तो आवाज अंगावर येतो. पुढे झुको त्यांना दगा देतो, काका तुरुंगात जातात. तो भेटायला येऊन तावातावाने बोलतो तेव्हा ते चकार शब्द काढत नाहीत. तो गेल्यावर डोळ्यांतून पाणी येतं. ज्याच्या तोंडी इतकी सुंदर वाक्यं दिली, त्यालाच लेखकांनी गप्प बसवलं. तुझ्या आठ भागांत आजी एकदाही गप्प बसत नाही बघ.

एक धोकाही सांगून ठेवते. थंडपणाला स्थिरपणा समजू नकोस. रिबेका शुगर यांच्या 'स्टीव्हन युनिव्हर्स'मध्ये गार्नेट सगळ्यांचा आधार. ती रूबी आणि सफायर या दोघींची मिळून बनली आहे. तिची सोबतीण पर्ल हिच्या खोटेपणानंतर गार्नेट तुटते आणि दोघी एका मोटेलच्या खोलीत अडकतात. रूबीच्या संतापाने गालिचा जळतो. सफायर शांत बसून असते, आपण समेट करणार हे तिला आधीच दिसतंय म्हणून, आणि तिच्याभोवती खोली गोठत जाते. आपलंच काहीतरी चुकलं असं लहान स्टीव्हनला वाटत राहतं. माझ्या मते सध्याची तुझी आजी सफायरच्या बाजूला झुकली आहे. तिसऱ्या भागात थोरला रडतो आणि ती 'पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं' असं म्हणून मोकळी होते. त्या पोराला त्या क्षणी समुद्राशी काय देणंघेणं?

तर आता असं कर. आठही शेवटांमधली आजीची वाक्यं काढून टाक, एकही ठेवू नकोस. तिसरा भाग नव्याने लिही आणि थोरला रडत असताना आजीचे हात काय करत होते तेवढंच लिही. आणि एक गोष्ट तुझ्याच मसुद्यात आहे, बहुधा तुझ्याही नकळत आली आहे. होडीत सहा फळ्या आहेत, मुलं पाच, आणि आजी उभीच असते. सहाव्या फळीवर ती कुणालाच बसू देत नाही, असं तू चौथ्या भागात एका ओळीत लिहून पुढे गेली आहेस. ती फळी कुणाची, ते आजीला माहीत आहे. मला सातव्या भागापर्यंत कळू देऊ नकोस.

पुढच्या रविवारपर्यंत तिसरा भाग पाठव. वाट पाहते.

तुझी,
ताई